परत न आलेल्या बाटल्या

दुधाच्या बाटलीचं आयुष्य किती असतं, हा प्रश्न माझ्या नवऱ्याने पहिल्यांदा विचारला तो जेवताना. मी म्हटलं, "तुझ्या हाती लागली तर दोन मिनिटं." भांडी फोडण्यात तो पटाईत होता. आमच्या घरातल्या एकाही कपाला आता जोडीदार उरलेला नाही. एरवी अशा टोमण्यावर तो हसायचा, त्या दिवशी हसला नाही. म्हणजे प्रश्न खरा होता, आणि आता माझी त्यातून सुटका नव्हती.

आम्ही दोघं एकाच दूध कारखान्यात कामाला. मी प्रयोगशाळेत, तो वाटप विभागात. आमचा कारखाना काचेच्या बाटल्यांतून घरोघरी दूध पोचवतो, रिकाम्या बाटल्या परत आणतो, धुतो आणि पुन्हा भरतो. साहेबांच्या डोक्यात मात्र प्लास्टिकच्या पिशव्यांनी घर केलं होतं. पिशवी हलकी, फुटायची भीती नाही, परत आणायची कटकट नाही. पण काच काढून टाकायची तर आधी दाखवायला हवं की जगावर भार कशाचा जास्त पडतो, बाटलीचा की पिशवीचा. ते काम आम्हा नवराबायकोच्या गळ्यात पडलं.

या कामाला जीवनचक्र मूल्यांकन असं भारदस्त नाव आहे. नावाला घाबरून जाऊ नये. एका वस्तूसाठी काय काय आत जातं आणि काय काय बाहेर पडतं एवढंच बघायचं, फक्त जन्मापासून मरणापर्यंत. बाटलीसाठी वाळू, सोडा, चुनखडी, भट्टीची आग, ट्रकचं डिझेल, धुण्याचं गरम पाणी. प्रत्येक टप्प्याला एक चौकोन काढायचा, चौकोनांमध्ये बाण काढायचे आणि बाणांवर वजनं लिहायची. जेवढं आत गेलं तेवढं बाहेर आलं पाहिजे. आलं नाही तर ते आतच कुठेतरी साठून आहे. एखादी गोष्ट नाहीशी झाली असं म्हणायची सोयच या कामात नाही, आणि म्हणूनच मला ते आवडायचं.

बाटलीच्या बाबतीत सगळं एकाच आकड्यावर अडलेलं होतं. ती किती फेऱ्या मारते? भट्टीतून काढताना तिने जगावर जो भार टाकला, तो तिच्या सगळ्या फेऱ्यांमध्ये वाटला जातो. शंभरातल्या नव्वद बाटल्याच परत येत असतील, तर एक बाटली सरासरी दहा फेऱ्या मारते. सत्त्याण्णव येत असतील, तर तेहतीस. आमच्या गणिताप्रमाणे पंधराच्या वर गेलं की काच जिंकत होती आणि पंधराच्या खाली पिशवी. नवऱ्याची खात्री होती की काच जिंकणार. साहेबांची खात्री उलट होती, आणि साहेबांची खात्री म्हणजे काय चीज असते ते नोकरी केलेल्या कुणालाही सांगायला नको.

फेऱ्या मोजायच्या तर बाटली ओळखता यायला हवी. रंग लावला तर धुण्याच्या कढत पाण्यात दोन दिवस टिकत नाही. मग त्याने काचेवर कोरायची विजेची लेखणी आणली आणि पाचशे बाटल्या घरी उचलून आणल्या. संध्याकाळी चहाची भांडी बाजूला सारून आम्ही जेवणाच्या टेबलावर बसायचो. मी आकडा वाचायची, तो बाटलीच्या तळाशी कोरायचा, आणि मानेजवळ एक बारीक आडवी रेघ मारायचा, म्हणजे तपासणीत पटकन नजरेत यावी. काचेची पांढरी भुकटी त्याच्या भुवयांवर बसायची. त्याचा नऊ फार विचित्र होता. शेपूट इतकं लांब की पुढच्या आकड्याला जागाच उरायची नाही. मी ओरडायची, "अरे, शेपूट आवर!" तो म्हणायचा, "बाई, आकडा वाचा." कारखान्यात लोक त्याला बाटलीबुवा म्हणायला लागले. नवीन माणसाचा भलताच गैरसमज व्हायचा, आणि तो दूर करायची तसदी त्याने कधी घेतली नाही.

बाटल्या बाहेर गेल्या आणि परत यायला लागल्या. धुऊन निघालेली प्रत्येक बाटली उजेडाच्या पडद्यासमोरून सरकते. तिथे बसलेलं माणूस तडा गेलेली, डाग राहिलेली बाजूला काढतं. मानेवर रेघ दिसली की बाटली उचलायची, तळाचा आकडा यंत्रात दाबायचा आणि ती पुन्हा पट्ट्यावर ठेवून द्यायची, एवढं काम वाढलं. आकडा तिथून थेट माझ्या संगणकावर दिसायचा. सत्त्याण्णव, शहाण्णव, पुन्हा सत्त्याण्णव. नवरा प्रयोगशाळेच्या दारातून डोकं आत घालून विचारायचा, "आली का माझी पोरं?" न आलेल्यांच्या रकान्याला मी 'फुटल्या' असं नाव दिलं होतं. ते त्याच्या डोक्यात जायचं. "परत न आलेली म्हणजे फुटलेली नव्हे गं," तो म्हणायचा. "कुणाच्या तरी घरात असेल. कुणीतरी तिच्यात पाणी भरून ठेवलं असेल, फूल ठेवलं असेल. येईल." मी म्हणायची, "येईल तेव्हा बघू."

एका सकाळी तो दुधाच्या गाडीबरोबर वाटपाच्या मार्गावर गेला. लोक रिकाम्या बाटल्या दाराबाहेर कशा ठेवतात, ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. दारातून नेहमीसारखा "येतो गं" म्हणाला. मी गॅसवरच्या दुधाकडे बघत होते, उतू जायला आलं होतं, मी नुसतं "हं" म्हटलं. चौथ्या गल्लीत त्याच्या छातीत कळ आली आणि तो एका अनोळखी घराच्या पायरीवर बसला. दोन्ही हातांत रिकाम्या बाटल्या होत्या. गाडीवाल्याने सांगितलं की त्याने त्या आधी नीट खाली ठेवल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या हातून काही फुटलं नाही.

बघता बघता त्याला आठ महिने झाले.

लोक म्हणतात, माणूस गेला की त्याच्या वस्तू राहतात. माझ्याकडे काय राहिलं? तो कागदावर कधी लिहायचाच नाही, सगळं संगणकावर. सामानाची यादीसुद्धा फोनवर. त्याच्या हातचं एक अक्षर घरात नाही. त्याच्या हातचं जे होतं ते पाचशे बाटल्यांच्या तळाशी, आणि बाटल्या गावभर. मी सकाळी कामावर गेले की पर्स खांद्यावरून न काढता आधी संगणक सुरू करायची आणि काल कोण कोण आलं ते बघायची. तीनशे नऊ. चौऱ्याण्णव. चारशे एकोणऐंशी. नऊ असला की त्याचं शेपूट आठवायचं. एखादा आकडा कोरताना आम्ही काय बोलत होतो, तेही कधीकधी आठवायचं. मला ते आकडे हवेहवेसे वाटायचे, दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर हसला असता.

आणि ते आकडे कमी व्हायला लागले. चौऱ्याण्णव टक्के, मग ब्याण्णव, मग नव्वद. शेवटी शेवटी तर त्याच्याही खाली. दर आठवड्याला तो मला थोडा कमी भेटत होता. रागही यायचा, की असा कसा तू चुकलास, इतका छातीठोकपणे सांगत होतास. साहेब एकदा जिन्यात भेटले, हळहळल्यासारखा चेहरा करून म्हणाले, "माणूस मनाचा चांगला होता, पण जरा आशावादी." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आकडे माझ्याच संगणकावर होते.

अहवाल द्यायला थोडेच दिवस राहिले होते. बाहेरच्या संस्थेतून एक बाई पडताळणीला येणार होत्या. त्यांनी शिक्का मारला की धुण्याचा विभाग बंद, पिशव्यांचं यंत्र आत. पडद्यासमोर बसणाऱ्या बायकांनाही घरी पाठवणार, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यातली सगळ्यात जुनी बाई म्हणजे माझी नणंद.

ताईंबद्दल सांगायला हवं. माझ्या नवऱ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. आई लवकर गेली, म्हणून भावाला त्यांनीच वाढवलं, त्यापायी स्वतःचं लग्न राहिलं, आणि त्याला या कारखान्यात चिकटवलं तेही त्यांनीच. तो गेल्यापासून आमचं बोलणं कामापुरतं उरलं होतं. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. पण ताईंच्या तोंडावर त्याचं नाक आहे, आणि बोलायच्या आधी घसा खाकरायची त्याची सवय ही मुळात त्यांची. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. त्यांना माझ्याकडे का बघवत नव्हतं, ते मी कधी विचारलं नाही. म्हणूनच मी उजेडाच्या पडद्याकडे फिरकत नव्हते. आकडे संगणकावर येत होते तेवढे पुरे होते.

पडताळणीच्या आधी मी सगळे बाण पुन्हा एकदा तपासायला घेतले. आत गेलेलं आणि बाहेर आलेलं जुळतंय का, बस एवढंच. आणि तिथेच अडखळले. शंभरातल्या दहा बाटल्या दर फेरीला परत येत नसतील, तर तेवढ्याच नव्या विकत घ्याव्या लागतील. नाहीतर दूध भरणार कशात? मी स्टोअरकीपरला फोन लावला. "नव्या बाटल्यांची गाडी किती वेळा येते हो हल्ली?"

"महिन्यातून एकदा. नेहमीसारखी."

"तीनदा नाही?"

"मॅडम, तीनदा आली असती तर ठेवली कुठे असती? तुमच्या टेबलावर?"

मी फोन ठेवला. काच काही आभाळातून पडत नाही. म्हणजे बाकीच्या हजारो बाटल्या पहिल्यासारख्याच परत येत होत्या. येत नव्हत्या त्या फक्त रेघ मारलेल्या. गिऱ्हाइकाला त्या रेघेशी काय देणंघेणं? घाटाने, वजनाने सगळ्या सारख्याच. साऱ्या कारखान्यात ती रेघ बघायचं काम एकाच जागी होत होतं. तिथे कोण बसतं ते मला ठाऊक होतं, आणि आम्हा प्रत्येक कामगाराला घरी न्यायला रोज एक बाटली दूध मिळतं, हेही मला ठाऊक होतं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी मी ताईंकडे गेले. शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या, माझ्या नवऱ्याचं लहानपण तिथलंच. खाली शिलाईच्या मशीनचा आवाज चालू होता. ताईंनी दार उघडलं, मला बघितलं, घसा खाकरला.

"आज कशी काय वाट चुकलीस?"

"पाणी द्या थोडं," मी म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही.

"बस. आणते मी."

पण मी बसले नाही, त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. ताईंनी वाट अडवायचा प्रयत्न केला, पण दोन माणसं एकदम मावतील एवढं ते स्वयंपाकघर मोठं नाही, आणि वाट अडवली तरी नजर अडत नाही.

बाटल्या. खिडकीच्या कट्ट्यावर, फळीवर, फळीच्या वरच्या फळीवर, ओट्याच्या खाली, पिठाच्या डब्यांच्या मागे. दीडशेच्या वर असतील. सगळ्या उलट्या ठेवलेल्या, तळ वर, म्हणजे आकडे दिसावेत. खिडकीतल्या बाटल्यांतून ऊन आत येत होतं आणि समोरच्या भिंतीवर डळमळत होतं. मी आयुष्यभर मोजायचं काम केलं, पण त्या दिवशी मला मोजता येईना. मी एकच बाटली बघत होते. दोनशे नव्वद. नऊचं शेपूट शून्याला जाऊन भिडलेलं.

मी चिडून काहीतरी बोलणार होते, अहवाल, साहेब, नोकरी, सगळं जिभेवर होतं. तोंडातून निघालं ते वेगळंच. "मला एकसुद्धा दिली नाहीत, ताई."

त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा ताठा एकदम गळाला. "तू मागायला आलीस कधी? पडद्याजवळ आलीस तरी का एकदा?"

"घरी त्याच्या हातचं एक अक्षर नाहीये माझ्याकडे."

"माझ्याकडे काय होतं? तुझ्याकडे यायच्या आधी तो माझ्याकडे होता. या ओट्यावर बसवून मी त्याला नऊ गिरवायला शिकवला. तेव्हापासून हे शेपूट." ताईंनी एक बाटली उचलली आणि आकड्यावरून अंगठा फिरवला. "तो गेला, त्याच्या पुढच्याच आठवड्यात मी कामावर आले. बसले. बाटल्या येत होत्या. रेघ दिसली, उचलली, आणि बघते तर हा. काय सांगू तुला. तो 'येतो' म्हणून गेला आणि आला नाही. पण याच्या हातचं रोज येत होतं. ते उचलून मी परत बाहेर घालू? बाहेर गेलेलं परत येतंच असं नाही, हे तुला मी सांगायचं का?"

"म्हणून आकडाच दाबला नाहीत."

"आकडा दाबला असता तर ती आल्याचं कळलं असतं. मग कुठे गेली म्हणून विचारलं असतंस. रोज एक. माझ्या वाटणीचं दूध त्यातच भरून घ्यायची. दूध उकळून झालं की धुऊन ठेवायची. दुसऱ्या दिवशी वाटायचं, आजची शेवटची. आणि आज परत कुणीतरी यायचं."

आम्ही दोघी त्या अरुंद जागेत जमिनीवर बसलो. रडलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. खरं सांगायचं तर मला ताईंचा रागही आला होता आणि हेवा तर फारच वाटत होता. मी एवढे महिने संगणकावरच्या आकड्यांवर दिवस काढत होते, आणि या बाई रोज त्याला पिशवीत घालून घरी आणत होत्या. पण त्यांच्या जागी मी बसले असते तर दुसरं काय केलं असतं? बहुतेक एकावर थांबले नसते.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. या बाटल्या हरवल्या म्हणून नोंदल्या गेल्यात. त्यामुळे काच हरतेय. धुण्याचा विभाग बंद होणार. त्याने जे सांगितलं ते खोटं ठरणार, त्याचं नाव अहवालात राहणार ते चुकलेला माणूस म्हणून. ताई ऐकत होत्या. भाऊ चुकलेला ठरणार हे ऐकल्यावर त्यांचं नाक लाल झालं. त्याचंही असंच व्हायचं.

"म्हणजे मीच त्याला पाडलं," त्या म्हणाल्या.

"तसं नाही हो."

"मग कसं? माझ्यापुढे हिशेब मांडून तूच वर तसं नाही म्हणतेस." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "मी जाऊन सांगते साहेबांना. काढतील तर काढू देत. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, कशीतरी निघतील."

"तुम्ही काही बोलू नका," मी म्हटलं. "आणि या सगळ्या परत बाहेर जाणार."

त्यांनी हातातली बाटली पोटाशी धरली. "सगळ्या?"

"ताई, रोज कुणीतरी येत होतं ते कशामुळे? आपण बाहेर पाठवत होतो म्हणून. घरात ठेवलेली बाटली कुठून परत येणार?"

त्यांनी हातातली बाटली जमिनीवर उलटी ठेवली. मग उठल्या, ओट्याखालून एक बाटली काढली आणि माझ्या पिशवीत घातली. दोनशे नव्वद. "ही तू ठेव. एकीने काही तुझं गणित बुडत नाही." मी नको म्हटलं नाही. पिशवी उराशी धरून जिना उतरले. घरी आल्यावर ती बाटली मी त्याच टेबलावर ठेवली आणि समोर बसून राहिले. आकड्यावर बोट ठेवलं तर काचेची खरखर लागत होती. इतक्या फेऱ्या मारूनही ती गुळगुळीत झाली नव्हती.

पडताळणीच्या बाई तरुण होत्या, पण नजर तीक्ष्ण. साहेबांच्या खोलीत आम्ही तिघं बसलो. मी बाण दाखवत गेले आणि त्या रकान्याशी येऊन थांबले. "इथे चूक आहे," मी म्हटलं. "या बाटल्या फुटल्या नव्हत्या. परत आल्या होत्या, पण नोंदवल्या गेल्या नाहीत. आता सगळ्या सापडल्या आहेत." नव्या बाटल्यांच्या खरेदीचा आकडाही मी पुढे ठेवला. काच कुठून आली आणि कुठे गेली ते आता जुळत होतं.

"सापडल्या कुठे?" बाईंनी विचारलं.

"घरी."

"कुणाच्या घरी?"

साहेब पुढे झुकले. मी आदल्या रात्रभर या प्रश्नाला घाबरत होते. पण तो आला तेव्हा उत्तर अगदी सोपं निघालं, कारण ते खरंच होतं. शिंप्याच्या दुकानावरच्या त्या दोन खोल्या माझ्या नाहीत तर कुणाच्या?

"आमच्या घरी," मी म्हटलं.

"पण का?" हे साहेब.

"त्यांच्यावर माझ्या नवऱ्याचं अक्षर आहे."

 बाईंनी त्या रकान्याचं 'फुटल्या' हे नाव पुसलं आणि त्या जागी लिहिलं, 'घरात साठलेल्या'. हा शब्द आमच्या कामातलाच आहे, त्यांनी काही माझ्यावर मेहेरबानी केली नाही. पण माझ्या नवऱ्याला जे मला पटवता आलं नव्हतं, ते एका परक्या बाईने दोन शब्दांत लिहून टाकलं. मग त्या म्हणाल्या, "नियमाने हे आठ महिने गणितातून काढावे लागतील. बाटल्या पुन्हा फिरू द्या, तीन महिने नव्याने मोजा, मग निकाल. आणि माफ करा, पण मोजणी तुमच्याकडे ठेवता येणार नाही."

"नको ठेवायला," मी म्हटलं. 

याचा अर्थ काय ते त्या खोलीत फक्त मला कळत होतं. आता सकाळी पर्स खांद्यावर ठेवून संगणक सुरू करायचा नाही. आकडे दुसऱ्या कुणाच्या तरी टेबलावर जाणार, त्याला नऊ म्हणजे नुसता नऊ. साहेबांनी मला चार शब्द सुनावले, लेखी समज दिली. ताईंचं नाव निघालं नाही. मोजायला आता त्यांच्या शेजारी दुसरी बाई बसणार होती, पण पडद्यासमोरची त्यांची खुर्ची शाबूत राहिली.

दुसऱ्या दिवशी बाटल्या क्रेटमध्ये भरून आल्या. मोजणीला नेमलेली बाई आकडे दाबत होती, ताई एकेक बाटली उचलून पट्ट्यावर ठेवत होत्या. काम सुरू झाल्यावर मी प्रयोगशाळेतून खाली आले. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्या पडद्याजवळ. यंत्रांचा खडखडाट इतका की शेजारच्या माणसाचं ऐकू येत नाही, पण ताईंचे ओठ हलताना दिसत होते. जवळ गेल्यावर कळलं. प्रत्येक बाटली ठेवताना त्या म्हणत होत्या, "जाऊन ये."

शेवटचा क्रेट रिकामा झाला. मोजणारी बाई म्हणाली, "एक कमी भरते हो. दोनशे नव्वद." ताईंनी माझ्याकडे बघितलंच नाही. "फुटली असेल," त्या चटकन म्हणाल्या.

मी पिशवीत हात घातला. खरं तर ती बाटली मी घरी ठेवूनच यायला निघाले होते. दारात "येते" म्हणायला मागे वळले, घरात कुणी नसलं तरी माझी सवय सुटत नाही, आणि ती टेबलावर एकटीच दिसली. मग परत फिरले आणि घेऊन आले. ताई नको-नको म्हणून मान हलवत होत्या. पण आता मलाच ती पट्ट्यावर ठेवायची होती. उजेडासमोर गेली तेव्हा रेघ चमकली. पलीकडे दूध भरणाऱ्या नळ्यांखाली जाईपर्यंत मला ती बाकीच्यांतून ओळखता येत होती, मग येईना.

"जाऊन ये," मी म्हटलं. हे मला त्या सकाळी गॅसपाशी म्हणायचं होतं.

तीन महिने संपून गेले. काच जिंकली, तेहतीसच्या जरा खाली, पण जिंकली. अहवालावर त्याचं नाव आहे, माझ्या नावाच्या आधी. पिशव्यांचं यंत्र आलं नाही. जेवणाच्या सुट्टीत मी रोज डबा घेऊन खाली ताईंकडे जाते. मला दारात बघूनच त्या मान हलवतात. मला काही विचारावं लागत नाही. दोनशे नव्वद अजून आलेली नाही. बाकीच्या येतात, जातात, पुन्हा येतात. ती तेवढी नाही.

परवा ताईंनी मला निरखून बघितलं, घसा खाकरला आणि म्हणाल्या, "अगं, आता सोड आशा. फुटली असेल ती."

"फुटली कशाला असेल?" मी म्हटलं. "कुणाच्या तरी घरात असेल."

ताईंनी रिकामा क्रेट पायाने माझ्याकडे सरकवला. मी त्यावर बसले, डबा उघडला, आणि आम्ही दोघी पडद्याकडे बघत जेवलो.